वाढली

प्रणाली हे नाव तिच्या सासूला कधीच पसंत नव्हतं. "असलं कसलं नाव? सरकारी कागदावर असतंय तसलं," असं आनसाबाई ऐन लग्नात बोलल्या होत्या, आणि तेही व्याह्यांच्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पुढं सून खरोखरच एका सरकारी प्रणालीवर नोकरीला लागली, तेव्हा म्हातारीनं सगळ्या कुसुरवाडीला सांगितलं, "बघा, मी म्हटलंच हुतं."

ती प्रणाली म्हणजे संचयंत्र. आंबोळ खोऱ्याच्या तोंडाशी भरडधान्य संशोधन केंद्र आहे, तिथल्या मागच्या खोलीत ते बसवलेलं. दिसायला शिलाई मशीनएवढं. वरच्या कपात चिमूटभर दाणे टाकायचे. पाऊण तासात त्या दाण्यांतली जनुकं वाचून यंत्र त्यांची यादी करतं. नाचणीच्या एका दाण्यात अशी साठ हजारांच्या वर जनुकं. पण सगळ्याच नाचण्यांत सगळी नसतात. काही झाडून सगळ्या वाणांत सापडतात, ती नसली तर नाचणी ही नाचणीच व्हायची नाही. काही मोजक्या घरांतल्या बियाण्यात असतात. आणि काही एखाद्याच म्हातारीच्या बियाणं ठेवायच्या तुंब्यात. म्हणजे प्रत्येक घरचं बियाणं हा जनुकांचा एक संच झाला, आणि संच म्हटले की ते एकमेकांशी ताडून बघता येतात. यंत्र करतं ते एवढंच.

संच म्हटलं की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. प्रणालीच्या कधी आला नाही, ही देवमाने बाईंची पुण्याई. नववीला बाईंनी फळ्यावर खडू टेकवलाच नाही. वर्गाच्या फरशीवर सुंभाचे दोन मोठे वेढे टाकले, एकात एक थोडे अडकवून, आणि म्हणाल्या, "घरातनं आणलेलं धान्य काढा बाहेर. ह्या वेढ्यात खरिपाचं, त्या वेढ्यात रब्बीचं. दोन्हीकडं येतं ते मधल्या जागेत. मधली जागा म्हणजे छेद. दोन्ही वेढे मिळून सगळं, तो संयोग."

प्रणालीनं भात आणि भुईमूग इकडं टाकला, गहू आणि हरभरा तिकडं. मग जोंधळा खरिपात ठेवला, शाळू रब्बीत ठेवला, आणि ऐटीत सांगितलं, "बाई, मधे काहीच नाही. छेद रिक्त आहे."

बाईंनी दोन्ही दाणे उचलून तिच्या तळहातावर ठेवले. "शाळू म्हणजे कोण गं?"

"ज्वारी."

"आणि जोंधळा?"

प्रणालीनं जीभ चावली.

"नावं दोन, पीक एक. संचात नावं नसतात बाळ, वस्तू असतात. रिक्त संच आला की आधी आपण काय नाव दिलंय ते तपासायचं." हे वाक्य प्रणाली विसरली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

दोन हजार चव्वेचाळीसच्या श्रावणात खोऱ्यातल्या नाचणीवर राखट्या आला. ही नवीनच बुरशी. पानावर आधी करडा ठिपका, आठवड्यात सगळं रोप राखेच्या रंगाचं, आणि कणसं भरायच्या आतच मान टाकायची. बारा गावांतली वावरं करपत चालली. बरं, जाऊन बघावं तर बुरशी माणसाच्या पायाला चिकटून पुढच्या वावरात जाते, म्हणून वावरात उतरायला सक्त बंदी. वरून उपग्रहानं बघावं तर श्रावणात ढग हलतोय कुठं!

पण सगळी नाचणी मरत नव्हती. एका बांधाच्या अलीकडं राख, पलीकडं हिरवीगार, असं लोक लांबून बघून सांगत. म्हणजे काही वाणांत या रोगाला पुरून उरणारं काहीतरी होतं. ते कसं शोधायचं, हे प्रणालीच्या साहेबांनी, मुजावर सरांनी, केंद्रातल्या सगळ्यांना चहा पिता पिता सांगितलं.

"प्रत्येक घरचं बियाणं पेरणीच्या आधीच यंत्रानं वाचलेलं आहे. तीनशे बारा घरं, तीनशे बारा संच. आता दोन गट करायचे. ज्यांची नाचणी उभी आहे तो एक, आणि गेली तो दुसरा. उभ्या असलेल्या सगळ्यांचा छेद घ्यायचा, म्हणजे त्या सगळ्यांत असलेली जनुकं मिळतील. गेलेल्या सगळ्यांचा संयोग घ्यायचा, म्हणजे त्यांच्यातल्या कुणातही सापडणारी जनुकं. आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. जे उरेल ते जगणाऱ्या सगळ्यांकडं आहे आणि मरणाऱ्या एकाकडंही नाही. हुकमी तेच!"

कुणाची उभी आणि कुणाची गेली, हे कळायला घरोघरी फोन गेले. फोनवर बोलायला माणूस नव्हतं, यंत्राचाच आवाज होता. गावात त्याला 'फोनवरची बाई' म्हणत. ती गोड आवाजात विचारायची, आपल्या नाचणीची सध्याची स्थिती काय आहे? लोक आपापल्या भाषेत सांगत आणि ती ऐकून दोनातल्या एका गटात नाव टाकी. उभी, एकशे एकोणीस. गेली, एकशे त्र्याण्णव.

गुरुवारी सकाळी प्रणालीनं छेद घेतला, संयोग घेतला, वजाबाकी केली. पडद्यावर दोन महिरपी कंस उमटले. मधे काही नाही.

रिक्त संच.

तिनं पुन्हा केलं. माणसाच्या हातून चुकायचंच, म्हणून शंभरात पाच चुका पोटात घालायची मुभा यंत्राला होती. तरी रिक्तच. मुजावर सरांनी स्वतः करून बघितलं. रिक्त.

"म्हणजे या रोगाला पुरून उरेल असं काहीच नाही खोऱ्यात," सर खुर्चीत मागं टेकत म्हणाले. "जी जगली ती नशिबानं. कुठं वारा आडवा आला असेल, कुठं उशिरा पेरली असेल."

"मग सर, आदेश?"

सरांनी बोट दाखवलं. कृषी खात्याचा आदेश टेबलावरच पडला होता. बुरशी बियाण्यावर चिकटून वर्षभर जगते. तेव्हा रोगाला दाद न देणाऱ्या वाणांची यादी सोमवारी सकाळपर्यंत तयार असेल, तर त्यांचं बियाणं गरम पाण्यात बुडवून राखून ठेवायचं, बाकीचं जाळायचं. यादी नसेल तर बारा गावांत घराघरांत नाचणीचं जे बी आहे ते सगळंच्या सगळं माळावर आणून जाळायचं. पुढच्या वर्षी बाहेरून एक नवीन वाण येईल, सगळ्यांना तोच. खाली सही करायची जागा होती, संचयंत्र चालकाची. म्हणजे प्रणालीची.

घरी जाऊन तिनं हे सासूला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, कारण न्हाणीजवळच्या फळीवर आनसाबाईंचा तुंबा होता. वाळलेल्या भोपळ्याचा, गळ्याशी कापडाचा बोळा लावलेला, आत चुलीची राख चोळलेली नाचणी. हे बी त्यांनी लग्नात माहेराहून पदरात बांधून आणलं होतं. आई गेली, भाऊ शहरात गेले, माहेरचं घर रस्त्यात गेलं. उरलं होतं ते त्या तुंब्यात. बावन्न वर्षं दरसाल त्या ओढ्यापलीकडच्या वावरात तेच पेरत होत्या.

आनसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचून भाकऱ्या थापायला बसल्या, आणि त्या क्षणापासून सुनेशी बोलणं बंद. जेवायला वाढत होत्या, पाणी तापवून ठेवत होत्या, डब्यात लोणचं घालत होत्या. पण तोंडातून शब्द नाही. प्रणालीचा नवरा संग्राम गोव्याला पुलाच्या कामावर, तो फोनवर म्हणाला, "तू सही करायची नाहीस, झालं." जसं काही हिनं सही केली नाही म्हणून जाळणारे थांबणार होते.

तिला राग आला होता तो स्वतःचाच. आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, नाचणी उभी होती. ओढ्याकडं जायला प्रणालीला सवड मिळाली नव्हती, पण फोनवरच्या बाईच्या यादीत तसं लिहिलं होतं. जगलेलं बी जाळायचं, आणि ते आपल्या सहीनं?

रविवारी दुपारी तिनं तुंबा फळीवरून खाली काढला. उद्या गाडी आली की कुणीतरी दांडगाईनं ओढून नेण्यापेक्षा आपणच हळू काढलेला बरा, असं तिच्या मनात. तुंबा फळीच्या कडेला अडला, तिनं झटका दिला, आणि तिच्या हातातली हिरवी बांगडी काडकन तुटून तुकडे खाली पडले.

"फुटली," ती पुटपुटली.

चुलीपाशी बसलेल्या आनसाबाई ताडकन उठल्या.

"तोंड आवर! फुटली म्हणू नगं. वाढली म्हण, वाढली. भरल्या घरात सवाष्णीनं असं बोलायचं अस्तंय व्हय?"

चार दिवसांतलं हे पहिलं बोलणं. प्रणालीला रडू आलं, ते रागावल्यामुळं की बोलल्यामुळं, तिचं तिलाच कळेना. म्हातारी वाकून काचा वेचायला लागली. आणि प्रणाली तुंबा पोटाशी धरून तशीच उभी राहिली, कारण कुठंतरी लांब सुंभाचे दोन वेढे दिसायला लागले होते.

"आत्ती," ती सावकाश म्हणाली, "कुंकू संपलं तर काय म्हणता तुम्ही?"

"वाढलं म्हंतो. ठावं न्हाई व्हय तुला?"

"तांदूळ संपले तर?"

"वाढले."

"आणि नाचणी मेली तर?"

आनसाबाईंनी कानाला हात लावला. "मेली कशी म्हणायची? लक्ष्मी हाय ती. नाचणी बी वाढलीच म्हणायची. आमच्या खोऱ्यात समद्या बायका तसंच म्हंत्यात."

प्रणालीनं तुंबा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई गं! शहाण्यांच्या बाजारात आपण शहाण्या! फोनवरची बाई पुण्यात शिकलेली, तिला वाढली म्हणजे मोठी झाली एवढंच ठाऊक. आपण तर इथं नांदतोय दहा वर्षं, देवापुढं नारळ वाढवतोय, आणि आपल्याला सुचू नये? जोंधळा आणि शाळू, नावं दोन आणि पीक एक. इथं नाव एक, आणि पिकं दोन!

तिनं मुजावर सरांना फोन लावला. सर ऐकत राहिले, मग एवढंच म्हणाले, "माझी आई दिवा विझवला म्हणत नसे, दिवा वाढवला म्हणायची. मीही गाढवच." आणि फोनवरच्या बाईनं नोंदवलेले उभ्या गटातले एकशे एकोणीस आवाज त्यांनी लगोलग पाठवून दिले.

पण नुसतं 'वाढली' ऐकून भागणार नव्हतं. काही जणांची खरोखरच वाढली होती. कुठलं वाढणं कुठलं, हे आवाजावरून ओळखायचं, आणि तो कान प्रणालीला नव्हता. तिनं सासूपुढं दोन ताटं मांडली, मधे चिंचोक्यांचा ढीग ओतला.

"आत्ती, तुम्ही ऐका. उभी असेल तर ह्या ताटात चिंचोका टाका. वाढली असेल तर त्या ताटात."

"आनि मग?"

"मग कदाचित सगळं बी जाळावं लागणार नाही."

आनसाबाई मांडी घालून बसल्या. प्रणालीनं आवाज लावला.

"वाढली की बाई. कवाच वाढली," कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं.

"ही वरल्या आळीची तानूबाई. हिची ऱ्हायली न्हाई." चिंचोका पलीकडच्या ताटात.

"झकास वाढलीय! छातीला लागतीय," एक पुरुष.

"ह्याची उभी हाय." अलीकडच्या ताटात.

"वाढली... देवाची मर्जी."

"गेलं गं हिचं समदं," आनसाबाई म्हणाल्या, आणि आपण काय शब्द बोललो ते कळून स्वतःच्याच तोंडावर हळूच चापट मारली.

एकामागून एक बायका बोलत होत्या. कुणी हुंदका गिळून, कुणी कोरड्या आवाजात, कुणी फोनवरच्या बाईलाच "तू जेवलीस का" विचारून. एवढं सोसून एकीच्याही तोंडून अशुभ शब्द निघाला नव्हता, आणि यंत्रानं त्या सगळ्यांना सुखात आहेत म्हणून लिहून टाकलं होतं. प्रणालीला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या बायकांबद्दल माया दाटून आली. प्रत्येकीच्या घरी जाऊन पाया पडावं असं वाटलं.

मग एक आवाज लागला आणि दोघीही थबकल्या.

"वाढली गं बाई. माझ्या आईची हुती."

प्रणालीनं सासूकडं बघितलं. आनसाबाई ताटाकडं बघत होत्या.

"आत्ती... तुमची उभी आहे ना? यादीत..."

"पंधरा दिस झालं. ओढ्याच्या ह्या अंगानं दिसतंय की. राखंचं वावर झालंय नुसतं." त्यांनी एक चिंचोका उचलला, अंगठ्यानं पुसला आणि स्वतःच्या हातानं पलीकडच्या ताटात ठेवला. "मी खरं त्येच सांगिटलं हुतं तुज्या बाईला. म्हंजे तुंब्यातलं बी आता यादीत न्हाई येणार. व्हय ना?"

प्रणालीनं मान डोलावली.

"मग फुडचा लाव," आनसाबाई म्हणाल्या.

दिवस कलायच्या आत मोजदाद झाली. उभ्या ताटात अठ्ठेचाळीस. एक्काहत्तर चिंचोके दुसरीकडं गेले होते. प्रणाली स्कूटर काढायला लागली तर आनसाबाई डोक्यावरून पदर घेऊन मागं येऊन बसल्या. "मी बी येनार. माझ्या चिंचोक्यांचं काय करतंय ते मशीन, बघू तरी."

केंद्रात मुजावर सर वाटच बघत होते. नवीन गट घातले. छेद, संयोग, वजाबाकी. पडद्यावर दोन महिरपी कंस आले, आणि मधे, एकापुढं एक, चार जनुकं उभी राहिली.

सर उठले आणि आनसाबाईंपुढं हात जोडून उभे राहिले. "तुमच्यामुळं अठ्ठेचाळीस घरांचं बी वाचलं, आनसाबाई. तुमचे उपकार कसे फेडायचे?"

"उपकार कसलं त्यात? कान हाईत म्हणून ऐकलं," म्हातारी म्हणाली, आणि खुर्चीवर बसायचं सोडून यंत्राला लांबूनच नमस्कार करून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

तिची पाठमोरी मान बघून प्रणालीला राहवेना. दिवसभर सगळ्यांचे हिशेब झाले, हिचा कुठं झाला? तिनं खुर्ची ओढली आणि आणखी एक वजाबाकी घातली, कुणी सांगितली नसलेली. आत्तींच्या बियाण्याचा संच, वजा बाकीच्या तीनशे अकरा घरांचा संयोग. उत्तर काय येईल याची तिला भीतीच वाटत होती.

अकरा जनुकं आली. राखट्याशी लढण्यात त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. पण उरलेल्या सबंध खोऱ्यात ती कुणाकडंही नव्हती.

"सर, हे जाळायचं?"

सरांनी चष्मा वर केला, पडदा नीट वाचला. "उद्या कुठला रोग येईल आणि त्याला यातलं काय लागेल, ते कुणी सांगावं? गरम पाण्यात बुडवून, धुऊन, हवाबंद डबीत मूठभर ठेवता येईल. थंड खोलीत. तेवढा अधिकार मला आहे. बाकीचं मात्र..."

सोमवारी माळावर जाळ झाला. आनसाबाई स्वतः तुंबा घेऊन आल्या. आधी सुनेपुढं ओंजळ रिकामी केली, मूठभर दाणे तिच्या रुमालात. उरलेला तुंबा त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही, स्वतःच जाळापाशी गेल्या आणि हळद-कुंकू वाहून ठेवला. परत येताना प्रणालीचा बिनबांगडीचा हात त्यांनी धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

"आत्ती," प्रणाली म्हणाली, "तुम्ही काल मला ओरडला नसता तर..."

"मग, वरडायला नगं तुला? सरकारी नावाची तू," आनसाबाई म्हणाल्या. घरी गेल्यावर त्यांनी आधी कासाराला निरोप धाडला.

डबीवरच्या चिठ्ठीत वाणाचं नाव लिहायची जागा होती. प्रणालीनं तिथं आनसाबाईंच्या आईचं नाव लिहिलं, बायजाक्का.

पुढच्या वर्षी त्या अठ्ठेचाळीस घरांनी आपल्या बियाण्यातलं ओंजळ-ओंजळ बारा गावांत वाटलं. कुणी मागायला गेलं नाही. बायकाच डोक्यावर पाट्या घेऊन दारोदार आल्या. आनसाबाईंच्या वाट्याला तानूबाईच्या जावेचं बी आलं. बंदी उठली होती. भाद्रपदात सासू-सुना ओढ्यापलीकडं भांगलायला गेल्या असताना आनसाबाईंच्या कमरेचा फोन वाजला.

"नमस्कार आनसाबाई. आपल्या नाचणीची सध्याची स्थिती काय आहे?"

"वाढलीया!" आनसाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

फोनवरची बाई जरा थांबली. मग, प्रणालीनं या वर्षभरात शिकवलं होतं तशी, आवाज खाली आणून म्हणाली, "ऐकून वाईट वाटलं. आपल्या दुःखात आम्ही..."

"अगं ए! वाईट कशाला वाटतंय? थांब, लिवू नगंस! खरीखरची वाढलीया! कमरंच्या वर आलीया माझ्या! पर्णाली, सांग गं हिला, ही बया माझं वावर मोडाय निघाली!"

प्रणालीनं फोन घेतला खरा, पण हसून हसून तिला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी कसंबसं म्हणाली, "उभी आहे. लिहा, उभी आहे."

आनसाबाई खुरपं हातात घेऊन बराच वेळ त्या हिरव्या कणसांकडं बघत राहिल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आनि माझ्या आईची? त्या थंडीतली?"

"ती अजून वाढली नाही, आत्ती."

ह्यातला कुठला अर्थ घ्यायचा, याचा म्हातारीनं क्षणभर विचार केला. मग दोन्ही घेतले, आणि पुढची ओळ भांगलायला खाली बसली.